लक्षवेधी लागली, पुढे काय?

२०२५ च्या गणपतीला तीन आठवडे उरले असताना आमच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयातून फोन आला. ‘कार्य अहवाल’ छपाईला जायचा होता, तो मंडपांमधून वाटायचा होता आणि माझ्याकडे काम एवढंच होतं की ‘जरा शुद्धलेखन बघून द्या’. मी पूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, हे स्वीय सहायकांना कुणीतरी सांगितलेलं. मानधनाचा विषय निघाला नाही. आमदाराच्या कामाला तो निघतही नाही.

पुढे जे घडलं ते मांडतो आहे. मतदारसंघ मध्य मुंबईतला, जुन्या चाळींचा आणि सेसच्या, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या इमारतींचा, एवढं पुरे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. आमदार सभागृहात कोणत्या बाजूच्या बाकावर बसतात हेही सांगत नाही. ते सांगितलं की निम्मे वाचक इथेच थांबतील आणि उरलेल्यांना पुढचं वाचायच्या आधीच पटलेलं असेल.

अहवाल सोळा पानी होता. आर्ट पेपर, चार रंग. पहिल्या पानावर नेत्यांचे फोटो उतरत्या भाजणीने, आत आमदार मंत्र्यांना निवेदन देताना. निवेदन देतानाचे फोटो मी मोजले, अकरा भरले. त्या अकरा कागदांचं पुढे काय झालं याची ओळ कुठेच नव्हती.

शुद्धलेखनाच्या चुका फार नव्हत्या. ऱ्हस्व-दीर्घ तासाभरात आटोपलं असतं. घोटाळा क्रियापदांचा होता. ‘आणला’, ‘मिळवून दिला’, ‘मार्गी लावला’, ‘करून घेतला’. विधानसभेत आमदार जे करतो त्याची क्रियापदं वेगळी असतात. तो प्रश्न टाकतो, मग प्रश्न लागतो. लक्षवेधी, म्हणजे एखाद्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना देतो, मग ती स्वीकारली जाते, यादीत लागते, नशीब असेल तर पुकारली जाते. मंत्री उत्तर देतात. विधेयक मांडलं जातं, मंजूर होतं, संमतीला जातं, राजपत्रात येतं. यातली बरीचशी वाक्यं कर्मणी आहेत, आणि कर्मणी वाक्याचा बॅनर होत नाही. म्हणून अहवाल लिहिणारा सगळं कर्तरीत ओढतो आणि कर्त्याच्या जागी साहेबांचं नाव घालतो.

पान पाच

‘धोकादायक इमारतींसाठी ऐतिहासिक कायदा आणला! मतदारसंघातील इमारतींना ७९-अ च्या नोटिसा!’ खाली मोडकळीला आलेल्या एका जिन्याचा फोटो.

लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत कुणाला ७९-अ समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९६९ साली मुंबई शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. आज तेरा-चौदा हजारच उरल्या आहेत. भाडं नाममात्र असल्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. भाडेकरूच्या हातात पागडीची, म्हणजे घरात शिरताना एकरकमी मोजलेल्या पैशांची पावती आहे, पण जमीन नाही. आणि पत्रे ठोकून, खड्डा खणून पसार झालेला विकासक आमच्याकडे दर दोन गल्ल्यांआड सापडतो. यावरचा उपाय म्हणून म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) १९७६ च्या कायद्यात कलम ७९-अ घातलं गेलं. इमारत धोकादायक ठरली की मालकाने सहा महिन्यांत ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा. त्याने हात वर केले तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला. तिलाही जमलं नाही तर म्हाडाने जागा ताब्यात घेऊन इमारत बांधायची.

आता ‘आणला’ या शब्दाकडे येऊ. हे सरकारी विधेयक होतं. विधिमंडळाने ते २०२० मध्ये मंजूर केलं आणि राष्ट्रपतींची संमती आली डिसेंबर २०२२ मध्ये. मधली दोन वर्षं चाळीतल्या माणसाला ‘कायदा झालाय’ असं सांगितलं जात होतं आणि म्हाडाच्या खिडकीवर ‘अजून आलेला नाही’ असं ऐकायला मिळत होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. महिलांवरच्या अत्याचारांसाठीच्या शक्ती विधेयकाची गत तर याहून वाईट. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, त्यामुळे तो कायदा झालाच नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र तो अजून ‘शक्ती कायदा’च आहे.

थोडक्यात, पान पाचवरच्या कायद्यामागे २८८ आमदारांचं सभागृह, वर विधान परिषद, मंत्रालय आणि दिल्ली असा सगळा गोतावळा होता. पण याहून मोठी अडचण दुसऱ्या वाक्यात होती. अहवालाचा मजकूर पावसाळी अधिवेशन संपताच, म्हणजे १८ जुलैनंतर लगेच लिहून झाला होता. जुलैच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने म्हाडाच्या याच नोटिसांवर बोट ठेवलं. ९३५ नोटिसांचा विषय होता. इमारत धोकादायक ठरवायचा अधिकार नेमका कोणत्या अधिकाऱ्याला आहे आणि तो कायद्याप्रमाणे वापरला गेला का, हा मुद्दा होता. न्यायालयाने त्या नोटिसांवरची कारवाई थांबवली आणि चौकशीला समिती नेमली.

ज्या नोटिसांचा अहवालात डंका होता त्याच अडकल्या. मी स्वीय सहायकांना फोन लावला.

‘पण साहेबांनीच पाठपुरावा करून काढायला लावल्यात त्या,’ ते म्हणाले.

‘म्हणून तर विचारतोय. ही ओळ तशीच छापायची?’

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ‘साहेबांशी बोला’ म्हणून फोन आत गेला.

चौकातली बैठक

मी साहेबांना एकच सुचवलं. छापायच्या आधी हा मजकूर एका चाळीत वाचून दाखवा. ते हो म्हणाले याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बहुतेक गणपतीच्या तोंडावर चाळीत जायचंच होतं, म्हणून.

रात्री साडेनऊ, मालिका संपल्यावर. चौकात मंडपाचे बांबू उभे राहिले होते, त्यांच्या मधल्या जागेत चाळीसेक माणसं. पहिला प्रश्न गटाराच्या झाकणाचा. दुसरा पहाटेच्या पाण्याच्या दाबाचा. तिसरा कचऱ्याच्या गाडीचा. यात नवल नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आला, २२७ नगरसेवकांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि वॉर्डातलं सगळं आमदाराच्या दारात येऊन पडलं. त्या तीन वर्षांत मुंबईतल्या आमदाराचा बराचसा दिवस नगरसेवकगिरीत जायचा. अहवालातही गटारं, लाद्या आणि शौचालयंच जास्त होती. ती कामं आमदार निधीतली, वर्षाला ५ कोटी रुपये. तो पैसा आमदाराच्या हातात येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंजूर होतो आणि काम बहुतेक वेळा म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ किंवा महापालिका करते. चौकात हे कुणी विचारलं नाही. लादी बसली की झालं.

मग एक तरुण म्हणाला, ‘साहेब, तुमच्याकडे मारामारी झाली ना?’ सगळे हसले. अधिवेशनात काय झालं ते लोकांना ठाऊक होतं, फक्त ते फोनवर दिसलेलं होतं. विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची हाणामारी आणि आमदार निवासाच्या उपाहारगृहात डाळीवरून झालेली मारहाण. त्या तीन आठवड्यांत कोणती विधेयकं मंजूर झाली, हे चाळीसांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. मलाही अहवाल हातात येईपर्यंत एकच आठवत होतं.

मागे भिंतीला टेकून एक निवृत्त काका उभे होते. मंत्रालयात आयुष्यभर टिपण्या लिहिलेला माणूस. त्यांनी अहवालातलं पान नऊ मागून घेतलं. मथळा होता, ‘संक्रमण शिबिरार्थींचा प्रश्न मार्गी लावला’. शिबिरार्थी म्हणजे इमारत रिकामी करून तात्पुरत्या घरांत हलवलेले रहिवासी.

‘लक्षवेधी होती ना ही? नियम १०५ ची?’

‘हो.’

‘लागली होती की पुकारली?’

हा प्रश्न फक्त त्या इमारतीत काम केलेला माणूस विचारू शकतो. रोजच्या कामकाजपत्रिकेवर लक्षवेध्यांची रांग असते. गोंधळ, तहकुबी आणि लांबलेली भाषणं यातून वेळ उरेल तेवढ्याच पुकारल्या जातात. बाकीच्यांचं छापील निवेदन हातात पडतं आणि विषय संपतो. पुकारली गेली तर आमदार उभा राहून मंत्र्याला अडवू शकतो, उपप्रश्न विचारू शकतो, तोंडून एखादी मुदत काढून घेऊ शकतो. ती मुदत कामकाजात नोंदली जाते आणि पुढे मंत्र्यांनी दिलेले शब्द पाळले जातात का ते बघणाऱ्या आश्वासन समितीकडे दाद मागता येते. छापील निवेदनाला उपप्रश्न विचारता येत नाही.

साहेब क्षणभर थांबले. ‘लागली होती. पुकारली नाही. निवेदन मिळालं.’

‘निवेदनात काय म्हटलंय?’

‘बाब तपासाधीन आहे, असं.’

काकांनी पान परत दिलं. म्हणाले काही नाहीत.

प्रतीक्षानगरच्या शिबिरात त्या चाळीतली दोन कुटुंबं गेलेली आहेत. तिकडे गेली तेव्हा लहान असलेली मुलं आता लग्नाची आहेत. त्यांतल्या एका घरची बाई चौकात आली होती आणि ‘मार्गी लावला’ हे शब्द तिने ऐकले होते. ती मागे बसून होती, तिने काही विचारलं नाही. मला त्या बैठकीतलं सगळ्यात जास्त तेच लागलं.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी उठल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेली ७९-अ ची नोटीस त्यांनी काढली. ‘भाऊ, ही आता खरी की खोटी? मालकाचा माणूस म्हणतो कोर्टाने फाडली. सही द्यायची का नाही द्यायची?’

अहवालाच्या सोळा पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. साहेबांकडेही नव्हतं. ते म्हणाले, ‘आजी, मला आत्ता नक्की सांगता येणार नाही. वकिलाला विचारून चार दिवसांत कळवतो.’ एवढ्या एका वाक्यावर चौकातली कुजबुज थांबली.

‘मागणी तर आम्हीही करतो’

त्याच रात्री अकराला साहेबांच्या घरी बसलो. स्वीय सहायकांचं म्हणणं, खरं क्रियापद लिहिलं तर काहीच केलं नाही असं दिसेल आणि समोरचे त्याचाच बॅनर करतील. साहेबांचा मुद्दा याहून वजनदार होता. ‘मागणी केली, पाठपुरावा सुरू आहे, असं लिहिलं तर लोक म्हणतील, मागणी तर आम्हीही करतो. मग तुला कशाला पाठवला?’

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. प्रश्नांची संख्या सांगावी तर तीही फसवी. प्रजा फाउंडेशन मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतं, त्यात हजेरी आणि विचारलेले प्रश्न धरले जातात. ते काम मोलाचं आहे, कारण नाहीतर काहीच मोजलं जात नाही. पण आकड्याला गुण मिळतात म्हटल्यावर कार्यालयं प्रश्नांचा पाऊस पाडतात. साहेबांच्या एका तारांकित प्रश्नावर (ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं) त्यांच्याखेरीज आणखी नऊ आमदारांची नावं होती. अहवालात तो ‘मी विचारला’ होता. उरलेल्या नऊ जणांच्या अहवालांतही तो तसाच असणार.

उत्तर शेवटी आजींच्या पिशवीतून आलं. त्यांना साहेबांची कामगिरी नको होती. आपलं काम कोणत्या पायरीवर अडलंय आणि पुढच्या दारावर कोण बसलंय, एवढंच हवं होतं. मागणी तेही करतात हे खरं, पण ती कुठे पोचली हे त्यांना कळत नाही, आणि आमदाराला ते कळू शकतं. रात्री एकच्या सुमाराला ठरलं की सोळा पानं रद्द. एकच कागद, पाठपोट. प्रत्येक विषयाला तीनच गोष्टी: साहेबांनी काय केलं, आज ते कुठे आहे, रहिवाशाने काय करायचं.

पान पाच असं झालं:

‘७९-अ: हा कायदा विधिमंडळाने २०२० मध्ये मंजूर केला, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. आपल्या विभागात नोटिसा निघाव्यात म्हणून आम्ही म्हाडाकडे पाठपुरावा केला होता. उच्च न्यायालयाने त्या नोटिसांवरची कारवाई सध्या थांबवली आहे. नोटीस फाडू नका, जपून ठेवा. नोटिशीच्या आधारे कोणी संमतीपत्रावर सही मागत असेल तर कार्यालयात येऊन वकिलांना दाखवा. ते दर शनिवारी संध्याकाळी बसतात.’

‘नोटिसा निघाव्यात म्हणून पाठपुरावा केला होता’ हे वाक्य ठेवायला स्वीय सहायक तयार नव्हते. अडकलेल्या गोष्टीवर आपलंच नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी ते ठेवलं.

पान नऊ:

‘संक्रमण शिबिर: लक्षवेधी सूचना दिली. यादीत लागली, वेळेअभावी पुकारली गेली नाही. मंत्र्यांचं छापील निवेदन मिळालं: बाब तपासाधीन. नागपूरच्या अधिवेशनासाठी पुन्हा सूचना देणार. उत्तर आल्याची तारीख: ________’

ही मोकळी रेघ माझी कल्पना. तिचा मला थोडा अभिमान होता, पुढे तिचं काय झालं ते सांगतोच.

एक विषय मात्र कागदावर आला नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. संयुक्त समितीकडे त्यावर बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आलेल्या होत्या, म्हणजे लोकांना त्यात रस नव्हता असं म्हणता येणार नाही. मी सुचवलं की साहेबांनी काय भूमिका घेतली ते दोन ओळींत लिहावं. आवाजी मतदानात कोण ‘होय’ म्हणालं आणि कोण ‘नाही’ याची नावानिशी नोंद राहत नाही. मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घेणं, मागितली तरच राहते. त्यामुळे मतदाराला कळायचा मार्ग एकच, आमदाराने स्वतः सांगणं. साहेब म्हणाले, पक्षादेश असतो, १९८५ पासून दहाव्या अनुसूचीची, म्हणजे पक्षांतरबंदीची, टांगती तलवार असते, ‘मी काय लिहू, पक्ष म्हणाला तसं केलं?’ मी म्हटलं, तेच लिहा. ते हसले आणि विषय संपला. माझ्या मते तिथे ते चुकले. चाळीतल्या काकांना पक्षादेश म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यांना तेवढं सांगायला हरकत नव्हती.

तिसरी भाषा म्हणून हिंदीच्या वादाचं मात्र लिहिलं, कारण चौकात निम्म्या लोकांना वाटत होतं की तो ‘कायदा’ अधिवेशनात हाणून पाडला. तो कायदा नव्हताच. एप्रिल आणि जून २०२५ चे शासन निर्णय होते, आणि दोन्ही २९ जूनला, अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रद्द झाले. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि मंत्रालयातूनच मागे जातो. सभागृहात त्यावर मतदान होत नाही. कागदावर याला तीन ओळी दिल्या. नंतर कळलं की सर्वांत जास्त वाचल्या गेल्या त्या याच.

५०० चौरस फुटांच्या घरांच्या मालमत्ता कराची ओळही अशीच सुधारली. २०१९ मध्ये ‘माफ’ म्हणून जाहीर झालं तेव्हा फक्त सर्वसाधारण कर वगळला होता आणि लोक बिल घेऊन शाखेत भांडायला आले होते. पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासूनची. अहवालात दोन्ही एकत्र करून ‘करमाफी मिळवून दिली’ होतं.

वाटल्यावर

कागद गणपतीत वाटला गेला. मंडपात लोक प्रसादाबरोबर जे घेतात ते सहसा पायऱ्यांवरच पडलेलं दिसतं. हाही पडला होता, खोटं कशाला बोलू. पण शनिवारी वकिलांसमोर रांग लागली. पहिल्या शनिवारी नोटीस घेऊन सतरा जण आले आणि त्यांतल्या चौघांनी संमतीपत्रावर आधीच सही केली होती. सही कशावर केली ते एकालाही वाचून दाखवलेलं नव्हतं. स्वीय सहायक वैतागले. त्यांच्या भाषेत, ‘सोळा पानांना एक फोन येत नव्हता, एका पानाने फोन बंद करून ठेवायची पाळी आणलीय.’

चुकाही झाल्या. आम्ही म्हाडाच्या ज्या अभियंत्यांना भेटायला सांगितलं होतं त्यांची महिन्याभरात बदली झाली आणि लोक रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन आले. नावाऐवजी पद लिहायला हवं होतं. कागदावर तारीखही टाकली नव्हती, त्यामुळे ऑक्टोबरात कुणीतरी तोच दाखवून ‘सध्या थांबवली आहे’ मधलं ‘सध्या’ कधीचं, असं विचारलं. मुद्रितशोधकाने तारीख विसरावी हे मला झोंबलं.

समोरच्यांनी बॅनर लावलाच. कागदातली ‘पुकारली गेली नाही’ ही ओळ मोठ्या अक्षरांत. दोन आठवडे नाक्यावर होता. त्याने मतं गेली की आली ते मला सांगता येणार नाही.

ठरल्याप्रमाणे नागपूरहून आल्यावर दुसरा कागद निघायचा होता. हिवाळी अधिवेशन संपलं आणि पाठोपाठ डिसेंबरच्या मध्यावर महापालिका निवडणूक जाहीर झाली, १५ जानेवारी २०२६ ला मतदान. कार्यालयात उमेदवारांच्या पत्रकांचे गठ्ठे आले. दुसऱ्या कागदाचा मजकूर मी लिहून दिला होता, तो संगणकावरच राहिला. छापून आलं ते आर्ट पेपरवरचं, चार रंगांतलं. ‘मार्गी लावला’ त्यात पुन्हा होतं, तीन ठिकाणी. यावेळी शुद्धलेखन तपासायला मला कुणी बोलावलं नाही.

मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी त्या चाळीत गेलो होतो. जिन्याखालच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळांच्या सूचनेशेजारी आमचा पहिला कागद अजून डकवलेला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. संक्रमण शिबिराच्या मोकळ्या रेघेवर कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं: ‘अजून नाही. २ ऑक्टो.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘अजून नाही. दिवाळी’. आणि सगळ्यात खाली, टिपण्यांना सरावलेल्या नीटस अक्षरांत, ‘अजून नाही. १२ जाने.’